पाणी, सरपण आणि शिदोरी

सहलीला किंवा पदभ्रमणाला निघायचे ठरले की पहिली चर्चा कशाची होते? खाण्याची. चिवडा कोणी आणायचा, लाडू किती न्यायचे, खिचडी कोण करणार, यावर दोन-तीन बैठका सहज होतात. पाण्याविषयी एवढेच म्हटले जाते की “वाटेत मिळेलच.” आपल्या भंडारा जिल्ह्यात तर हे वाक्य अधिकच सहज तोंडी येते, कारण हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळापासून बांधत आणलेले, आता ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जाणारे माजी मालगुजारी तलाव गावोगाव आहेत. वैनगंगा तर जिल्ह्याच्या मधूनच वाहते. इथे पाण्याची काय चिंता?

काही वर्षांपूर्वी आम्हीही असेच म्हटले होते. तुमसरकडील आंबागडच्या डोंगरात विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही दोन दिवसांच्या पायी सहलीला गेलो होतो. महिना फेब्रुवारीचा. ज्या नाल्यावर आमची भिस्त होती तो दिवाळीत वाहताना मी स्वतः पाहिला होता. आता त्यात फक्त वाळू होती. दुपारी दोनच्या सुमारास एका मुलाच्या पिंढऱ्यांत गोळे आले, मग त्याला भोवळ आली, आणि तो बोलेनासा झाला. आमच्याजवळ त्या वेळी सुमारे पाच किलो लाडू होते आणि पाणी सगळ्यांत मिळून जेमतेम दीड लिटर. त्याला सावलीत निजवून, ते पाणी थोडे पाजून व थोडे अंगावर शिंपडून, दोघांनी गावातल्या हातपंपावर धाव घेतली. तासाभराने मुलगा उठून बसला. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने जे गणित निघण्यापूर्वी करायला हवे होते ते मी घरी परत आल्यावर केले. तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

अन्नातून उष्णता, उष्णतेतून घाम

डोंगर चढायला फार शक्ती लागते असे आपण समजतो. किती ते पाहू. मुलाचे वजन ४५ किलो आणि पाठीवरचे ओझे १० किलो धरा. एकूण ५५ किलो वस्तुमान ३०० मीटर उंच न्यायचे. गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० धरले तर कार्य झाले ५५ × १० × ३०० = १,६५,००० ज्यूल, म्हणजे सुमारे ४० किलोकॅलरी. आपले स्नायू अन्नातील ऊर्जेचा फार तर चौथा हिस्सा उपयुक्त कार्यात आणतात, म्हणून अन्नातून खर्च होतील १६० किलोकॅलरी. भुईमुगाच्या १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे ५६७ किलोकॅलरी असतात. तेव्हा तीनशे मीटरचा डोंगर चढण्याची किंमत झाली सुमारे २८ ग्रॅम दाणे. एक मूठभर!

चढाईपेक्षा नुसत्या चालण्याचाच खर्च मोठा असतो. ओझे घेऊन चालणारा तुमच्या वयाचा मुलगा तासाला सुमारे ३०० किलोकॅलरी खर्च करतो. आता महत्त्वाचा प्रश्न असा की ही ऊर्जा जाते कुठे? सपाट वाटेवर चालून तुम्ही कुठे उंच चढलेला नसता. अर्थात ही बहुतेक सर्व ऊर्जा शेवटी उष्णतेतच बदलते. ती शरीराबाहेर गेली नाही तर शरीर तापत जाईल. शरीराचा विशिष्ट उष्मा साधारण ०.८३ धरला, तर ४५ किलोच्या शरीराला १ अंशाने तापवायला ३७ किलोकॅलरी पुरतात. म्हणजे तासाभरात आठ अंशांची वाढ! तसे होत नाही, कारण आपल्याला घाम येतो. त्वचेवरचे १ लिटर पाणी वाफ होऊन जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते. ३०० किलोकॅलरी घालवायच्या तर ३०० भागिले ५८०, म्हणजे तासाला सुमारे अर्धा लिटर पाणी लागेल.

डिसेंबरच्या सकाळी हवा गार असते, काही उष्णता ती परस्पर नेते, आणि निम्म्या घामात भागते. दुपारच्या उन्हात मात्र उलटे होते. सूर्य वरून उष्णता देत असतो. हवेचे तापमान त्वचेच्या तापमानापेक्षा, म्हणजे सुमारे ३५ अंशांपेक्षा, वर गेले की हवाही शरीराला तापवू लागते. मग घामावाचून दुसरा मार्गच उरत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर चढतो. त्या दिवसांत शाळेच्या मुलांना डोंगरात नेऊच नये. हा सल्ला नव्हे, मी तो नियमच समजतो.

म्हणून हिवाळ्यात पाच तास चालण्याच्या दिवशी पिण्यासाठी माणशी ३ लिटर पाणी धरावे. त्यात काटकसर करू नये. “तहान लागली की पिऊ” असेही म्हणू नये. दर अर्ध्या तासाला थांबून सर्वांनी चार-चार घोट घ्यावेत. घामाबरोबर मीठही जाते. नुसतेच पाणी ढोसत राहिले तर रक्तातले मिठाचे प्रमाण उतरते, म्हणून बरोबर खारे दाणे, लिंबू, मीठ असू द्यावे. कोणाला भोवळ आली तर १ लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट-घोट पाजावे. चमचा म्हणजे चहाचा लहान चमचा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काही ओतू नये. त्याला सावलीत गार करीत दवाखान्यात न्यावे.

वीस जणांचा हिशेब

समजा अठरा विद्यार्थी आणि दोन शिक्षक असे वीस जण आहेत. एक रात्र मुक्काम. पहिल्या दुपारचे जेवण प्रत्येकाने घरून बांधून आणायचे. रात्री मुगाच्या डाळीची खिचडी, सकाळी पोहे व चहा, दुसऱ्या दुपारी दशम्या, चटणी, गूळ आणि दाणे.

चालून भुकेलेल्या मुलाला रात्री १५० ग्रॅम तांदूळ आणि ५० ग्रॅम डाळ लागते. भाताच्या कोठारात वाढलेल्या मुलांसाठी तांदूळ कमी धरू नये, हा अनुभव. वीस जणांना तांदूळ ३ किलो, डाळ १ किलो, तेल ३०० ग्रॅम, मीठ सव्वाशे ग्रॅम, वर कांदे-बटाटे २ किलो. पोहे दीड किलो पुरतात. दाणे २ किलो आणि गूळ दीड किलो वीस पुड्यांत बांधून प्रत्येकाच्या खिशात द्यावेत, सामाईक पिशवीत ठेवू नयेत. सामाईक पिशवी नेहमी सर्वांत मागे राहणाऱ्याकडे असते. साधारणपणे एका माणसाला दिवसाला ६०० ग्रॅम कोरडे अन्न धरले तर २४०० ते २७०० किलोकॅलरी मिळतात. वीस जणांचे झाले १२ किलो.

आता पाणी मोजा. पिण्याचे ६० लिटर. खिचडीला धान्याच्या तिप्पट, म्हणजे १२ लिटर. दोन वेळच्या चहाला ६ लिटर. हात धुणे आणि भांडी घासणे, अगदी राखेने घासून थोडक्यात विसळली तरी १२ लिटर. बेरीज ९० लिटर, म्हणजे ९० किलो! अन्न १२ किलो आणि पाणी ९० किलो, दिवसाला. ज्या वस्तूची आपण बैठका घेऊन चर्चा करतो ती या ओझ्याचा आठवा भागसुद्धा नाही.

पंधरा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा अधिक ओझे असू नये. अंथरूण, कपडे आणि ताट-वाटी मिळून पाच-सहा किलो होतातच. तेव्हा प्रत्येकी २ लिटरच्या वर पाणी वाहून नेणे शक्य नाही. याचा अर्थ असा की सहलीचा मार्ग आपण ठरवीत नाही, पाणी ठरवते. चार तासांच्या आत एक भरवशाचा हातपंप किंवा वापरातील विहीर लागलीच पाहिजे, आणि मुक्काम तर पाण्यालगतच हवा. नकाशावरची निळी रेघ पुरेशी नाही. निघण्यापूर्वी आठ दिवसांच्या आत कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन हातपंप हापसून पाहावा. आंबागडच्या पायथ्याची गावे, गायमुख, चांदपूरचा तलाव अशा जागी मुक्काम सोयीचा पडतो. नागझिरा व कोका ही अभयारण्ये पायी भटकंतीसाठी नाहीत. त्यांच्या बाहेरच्या जंगलातही वाघ, अस्वल यांचा वावर असतो, म्हणून मार्ग ठरला की वनखात्याला विचारून घ्यावे.

पाणी उकळावे का?

तलावाकाठी मुक्काम केला तरी तलावाचे पाणी पिण्याजोगे असतेच असे नाही. गुरे त्यात डुंबतात, धुणी धुतली जातात. “मग उकळून घेऊ,” असे कोणीही म्हणेल. पाणी खळखळ उकळू दिले, एक मिनिट तसेच ठेवले की रोगजंतू मरतात, हे खरे. पण सरपणाचे काय?

वीस अंशांचे ६० लिटर पाणी उकळीपर्यंत नेण्यास ६० × ७९ म्हणजे सुमारे ४७०० किलोकॅलरी हव्यात. (भंडारा समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास आहे. दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू जवळजवळ एक अंशाने उतरतो, म्हणून इथे ९९ धरला. कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, पाणी साडेचौऱ्याण्णव अंशांनाच उकळेल.) आता हीच आकडेमोड खिचडीसाठी करा. १२ लिटर पाण्याला ९४८, विशिष्ट उष्मा ०.४ धरून ४ किलो धान्याला १२६, आणि ५ किलोच्या पितळी गंजाला सुमारे ३६. एकूण १११० किलोकॅलरी. म्हणजे पिण्याचे पाणी उकळायला खिचडीच्या चौपटीहून अधिक उष्णता लागते! तीन दगडांच्या चुलीत लाकडाच्या उष्णतेचा आठवा-दहावा हिस्साच भांड्याला मिळतो. एक किलो लाकडातून हाती लागतात सुमारे ४०० किलोकॅलरी. नुसत्या पिण्याच्या पाण्यासाठी १२ किलो लाकूड जाळावे लागेल. ते कुठून आणणार? पानगळीच्या जंगलात हिवाळ्यानंतर वाळलेल्या पानांचा थर असतो आणि एका ठिणगीने वणवा लागतो. जंगलात चूल पेटवायचीच नाही.

तेव्हा पाणी उकळण्याऐवजी गाळून क्लोरीनने शुद्ध करावे. प्रथम स्वच्छ धुतलेल्या सुती कापडाच्या चार घड्या करून त्यातून गाळायचे. ही आजीबाईंची रीत हसण्यावारी नेऊ नका. बांगलादेशातील खेड्यांत जुन्या साडीच्या घड्यांतून पाणी गाळल्याने पटकीचे रोगी जवळजवळ निम्म्यावर आल्याचे संशोधन २००३ साली प्रसिद्ध झाले आहे. पटकीचे जंतू स्वतः फार सूक्ष्म, पण ते पाण्यातील बारीक जीवांना चिकटून असतात आणि ते जीव घडीत अडकतात. पाणी गढूळ असेल तर तुरटी फिरवून गाळ बसू द्यावा. त्यानंतर पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात क्लोरीनच्या गोळ्या टाकून अर्धा तास थांबावे. क्रम उलटा करू नका. चिखल आणि कुजका पाला क्लोरीनला स्वतःच खाऊन टाकतात, जंतूंसाठी काही उरतच नाही. शक्य असेल तिथे अर्थातच चालू हातपंपाचे पाणी अधिक बरे. मात्र तेही क्लोरीन टाकूनच प्यावे.

खिचडी तणसात शिजते

आता चूल नाही तर शिजवायचे कशावर? गॅसवर. एक किलो गॅसपासून सुमारे ११,००० किलोकॅलरी उष्णता मिळते. उघड्यावर वाऱ्यात निम्मी वाया गेली तरी ५,५०० उरते. खिचडीला उकळी आणायला त्या हिशेबाने २०० ग्रॅम गॅस पुरतो. पाच किलोच्या छोट्या सिलिंडरमध्ये गॅसपेक्षा लोखंडच अधिक भरते. तो पाठीवर नेण्यात अर्थ नाही, आणि रेल्वेतून न्यायला तर बंदीच आहे. मुक्कामाच्या गावातच त्याची सोय करून ठेवावी. शेगडीला तिन्ही बाजूंनी पत्र्याचा आडोसा केला की वारा लागत नाही, पण वरून झाकून कोंडू नये.

खरी उधळपट्टी होते ती उकळी आल्यानंतर. स्वयंपाक करणारा मुलगा झाकण काढून, मोठ्या आचेवर, चाळीस मिनिटे खिचडी रटरटत ठेवतो. त्याला वाटते जितकी जोराची उकळी तितके लवकर शिजेल. ही समजूत साफ चुकीची आहे. पाणी ९९ अंशांवर आले की कितीही आच वाढवा, ते ९९ अंशांवरच राहते. वाढवलेली आच फक्त वाफ करते. त्या चाळीस मिनिटांत दोन लिटर पाणी उडून जाते. अप्रकट उष्मा लिटरमागे ५४० किलोकॅलरी असल्याने १०८० किलोकॅलरी गेल्या. म्हणजे सर्व खिचडीला उकळी आणायला जितकी उष्णता लागली तितकीच पुन्हा हवेत सोडली.

तांदळातील पिष्ठ फुगून मऊ व्हायला ७० ते ७५ अंशांच्या वरचे तापमान काही वेळ टिकले की पुरे. उष्णता आणखी द्यायची नाही, असलेली जाऊ द्यायची नाही, एवढेच करायचे. त्यासाठी उत्तम वस्तू आपल्या जिल्ह्यात प्रत्येक शेतात पडलेली असते, ती म्हणजे धानाचे तणस. तणसाच्या काड्या पोकळ असतात आणि काड्यांमध्ये हवा अडकून राहते. अडकलेली हवा उष्णतेची मंदवाहक.

बांबूच्या मोठ्या टोपल्यात तळाला व सभोवार १० सेंटीमीटर जाडीचा तणसाचा थर दाबून बसवा. डाळ-तांदूळ तासभर आधी भिजवून ठेवा. गंजात खिचडीला उकळी आली की घट्ट झाकण ठेवून आठ-दहा मिनिटे मंद आचेवर राहू द्या. मग झाकण न उघडता गंज टोपल्यात ठेवा, वर तणस भरलेले पोते आणि त्यावर घोंगडी. शेगडी मात्र तिथून दहा पावले दूर असावी. तणस आणि ज्वाला यांची गाठ पडू देऊ नका. सव्वा तासाने उघडा.

हे कसे साधते ते पाहा. तणसाची उष्णतावाहकता सुमारे ०.०५ वॅट प्रति मीटर प्रति अंश, गंजाचा पृष्ठभाग अर्धा चौरस मीटर, आतल्या-बाहेरच्या तापमानातील फरक ७५ अंश. थरातून जाणारी उष्णता ०.०५ × ०.५ × ७५ ÷ ०.१ म्हणजे १९ वॅटच्या आत. तासाला सुमारे १६ किलोकॅलरी. गंजातील खिचडीचा एक अंश उतरायला १३ ते १४ किलोकॅलरी जाव्या लागतात. म्हणजे तासाला जेमतेम सव्वा अंश! प्रत्यक्षात झाकणाच्या फटीतून वाफ जाते, तणस सर्वत्र सारखे बसत नाही, आणि घट याच्या चार-पाच पट होते. तरीही तासाअंती खिचडी ९० अंशांच्या वरच असते. भांडे मोठे आणि तीन-चतुर्थांश भरलेले हवे. लहान भांड्यात आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, म्हणून ते लवकर निवते. तुरीची डाळ या रीतीने कच्ची राहते, म्हणून मुगाची घ्यावी. उरलेली खिचडी मात्र सकाळसाठी टोपल्यात ठेवू नये. कोमट भातात जंतू झपाट्याने वाढतात. ६० अंशांच्या खाली उतरण्यापूर्वी ती संपली पाहिजे.

ही युक्ती नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात इंधनाची टंचाई असताना इंग्लंडात गवताच्या पेटीत अन्न शिजवीत. आपल्याकडे १९१० च्या सुमारास कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी ‘इकमिक कुकर’ तयार केला, त्यात थोड्याशा कोळशांच्या आचेवर, बंद भांड्यात, वाफेने सगळे जेवण होत असे.

भांड्याविषयी दोन शब्द. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. पितळ स्टेनलेस स्टीलच्या सहा-सात पट चांगले उष्णतावाहक असल्याने त्यात आच सगळीकडे पसरते आणि खिचडी तळाला लागत नाही. स्टीलच्या पातळ पातेल्यात ज्वालेच्या वरची जागाच करपते. पण पितळी गंजाला ताजी कल्हई असलीच पाहिजे. आणि पोह्यांविषयी एक: पोहे हे धान भिजवून, भाजून, चेपून केलेले असतात. त्यांतील पिष्ठ गिरणीतच शिजलेले असते. म्हणून ते नुसते भिजवूनही खाता येतात. मुरमुऱ्यांचेही तेच. पावसाने किंवा बिघडलेल्या शेगडीने दगा दिला तर उपाशी राहण्याची वेळ येऊ नये म्हणून एक वेळचे पोहे जास्तीचे न्यावेत.

शिक्षकांनी निघण्यापूर्वी वर्गात एक प्रयोग जरूर करून घ्यावा. सारख्या आकाराचे झाकणाचे दोन डबे घ्या, दोन्हींत प्रत्येकी २ लिटर उकळते पाणी ओता. एक बाकावर उघडा ठेवा, दुसरा तणसाच्या टोपल्यात. झाकणाला भोक पाडून तापमापी बसवा, भोवतीची फट कणकेने बुजवा आणि दर दहा मिनिटांनी दोन तास नोंदी घ्या. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढा. पहिल्या दहा मिनिटांत उघड्या डब्याचा आलेख तीव्र उताराने खाली येतो, पुढे तो उतार मंदावत जातो. असे का, हे न्यूटनच्या शीतन नियमावरून मुलांना सांगता आले पाहिजे. मग तणसाऐवजी सुकी पाने, धानाचा कोंडा, वर्तमानपत्राचे चुरगळलेले कागद असे पदार्थ आळीपाळीने भरून पाहा. शेवटी तेच तणस पाण्यात भिजवून, निथळून घ्या आणि पुन्हा मोजा. ओल्या तणसाचा आलेख पाहिल्यावर सहलीत टोपल्यावर ताडपत्री कोणी न सांगताच पडेल.